बाईचा बैल

फोटो आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये डब्याचं झाकण काढत होते. पाठवणारा शाम, माझा धाकटा भाऊ. तो धरणाकाठच्या आमच्या तांड्यावर राहतो आणि यवतमाळात राहणाऱ्या बहिणीला रोज सकाळी न चुकता गुलाबाचं फूल पाठवतो, मोबाइलवरचं, ज्याला पाणी घालावं लागत नाही. आज गुलाब नव्हता. आज माझी शिडाची होडी होती. खाली लिहिलेलं, 'बाई, बांधून टाकली. आता बिनघोर राय.' आमच्यात थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. पाण्यातून वर आलेलं मेलेल्या बाभळीचं खोड, त्या खोडाला नाक घासत उभी असलेली माझी पांढरी होडी, आणि दोघांच्या मध्ये माझ्याच दोराचा तुकडा, वीतभर. गळ्याशी आवळून गाठ मारलेली. मारक्या बैलाला खुंट्याशी जखडावं तशी. पोळीचा घास हातात तसाच राहिला. शेजारच्या खुर्चीतून अर्पिता मॅडमनी मान लांब केली. दुसऱ्याच्या फोनमध्ये बघण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. "किती व्यवस्थित बांधलीय हो भावानं," त्या म्हणाल्या, "नाहीतर तुमची ती होडी कशी मोकाट हिंडत असते पाण्यावर. मागच्या सहलीत पाहिली ना आम्ही." मोकाट. मी फोन पालथा ठेवला आणि घास डब्यात परत टाकला.

मी अकरावी-बारावीच्या मुलांना पुस्तपालन शिकवते. त्यामुळे असेल, पण माणसांची खाती मनात ठेवायची खोड मला लागली आहे. अर्पिता मॅडमच्या खात्यावर नावे बाजूला 'मोकाट' हा शब्द आज पडला, पण खरी नोंद तिथली नव्हती. खरी नोंद शामची. आणि शामचं खातं हे फार त्रासाचं खातं आहे, कारण त्याची जमेची बाजू भरलेली असते. माझे यजमान सेवादास गेले तेव्हा हाच शाम नेरच्या घरी येऊन राहिला. सासरच्या माणसांना चहा दिला, टाकीत पाणी चढवलं, मला एक शब्द विचारला नाही. मग माझं सामान परस्पर टेम्पोत घालून यवतमाळात भावकीच्या घराशेजारी खोली करून दिली. "आपल्या माणसात राय," म्हणाला. मला नेरलाच राहायचं होतं की काय, हे विचारायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही. ज्याचा आपल्यावर जीव आहे त्याच्यावर रागावायला माणसाला वेगळा कागद लागतो. तो कागद आमच्या घरात कधी आणलाच गेला नाही. तीच गत आज. त्यानं सकाळी उठून, कमरेएवढ्या पाण्यात शिरून, माझ्यासाठी मेहनत केली होती. आणि त्या मेहनतीनं माझी होडी संध्याकाळच्या आत बुडणार होती.

कशी, ते त्याला सांगून कळलं नसतं असं नाही; त्यानं कधी ऐकूनच घेतलं नाही. होडी पाण्यात उभी करायची तर तिला लांब दोर लागतो. पाणी जितकं खोल त्याच्या पाचपट, वारं असेल तर सातपट. दोराच्या टोकाला साखळी, साखळीला लोखंडी नांगर. हा नांगर वजनानं होडी धरत नाही, हे लोकांना पटत नाही. तो तळाच्या मातीत आडवा पडून दात रुतवतो, आणि दोर लांब असला तरच त्याला आडवी ओढ बसते. आखूड दोर त्याला सरळ वर उचलतो, आणि उचललेला नांगर म्हणजे बादलीतलं लोखंड. लांब दोरावर होडी फिरते. वाऱ्याबरोबर इकडून तिकडे जाते, पुन्हा येते, मोठं वर्तुळ काढते. पाणी चढलं की चढते, उतरलं की उतरते. ती फिरते म्हणूनच ती टिकते. काठावरून बघणाऱ्याला मात्र एवढंच दिसतं की जनावर जागेवर नाही. तांड्यावरची पोरंटोरं माझ्या होडीला 'बाईचा बैल' म्हणतात. "बाई, तुझा बैल चरून राह्यला," "बाई, तुझ्या बैलाले येसण घाल." मी हसते. हसायला नको होतं. शाम त्या चेष्टेत हसत नसे. तो गंभीरपणे म्हणे, "फिरते त कोण्या दिवशी जाईन न भिंतीकडे." आता वाशीमकडे तीन दिवस झोडपून पाऊस झाला होता, वरचं सगळं पाणी आमच्या धरणात येत होतं, दारं बंद होती, कारण भरायचेच दिवस. फोटोत बाभळीच्या दुबेळक्याखाली, दोन फांद्या फुटतात त्या बेचक्याखाली, पाणी होतं. दुपार कलेपर्यंत ते दुबेळकं पाण्यात जाणार. खोड वर येणार नाही, दोर लांबणार नाही, होडीच्या पोटाला मात्र पाणी वर ढकलणार. शेपूट वर, नाक खाली. नाकावरून पाणी आत.

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन फोन लावला. "शाम, दोर सोड तो. लांब कर." मागून मोटारींचा आवाज येत होता, तो दिग्रसला विहिरीची मोटार दुरुस्तीला घेऊन गेला होता. "लांब केला त फिरन न ते," तो म्हणाला, अगदी समजुतीनं. "पाणी चढून राह्यलं शाम." "म्हणूनच त बांधली, बाई. तू काहून टेन्शन घेतं? मी हाव न." मी हाव न. या तीन शब्दांवर आमचं अख्खं घराणं उभं आहे. "कधी येशील तू?" "मेकॅनिक जेवाले गेला. तो आला का आलोच." आणि मग दिलासा म्हणून, "तू नको येऊ पावसापाण्याचं एकटी." मी मुख्याध्यापकांना सांगितलं घरी अडचण आहे. कोण आजारी आहे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बैल. त्यांनी सहानुभूतीनं मान हलवली आणि लगेच सोडलं. होडी म्हटलं असतं तर अर्ज मागितला असता.

स्कूटी दारव्ह्याच्या रस्त्याला लागली तसा राग नीट बसायला जागा करून बसला, मागच्या सीटवर बसल्यासारखा, माझ्या खांद्याला धरून. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडत होतं, कपाशी गर्द होती, आणि पश्चिमेकडून वारा असा येत होता की हँडल तिरकं धरावं लागे. पश्चिमेचा, म्हणजे तांड्याच्या काठाकडून धरणाच्या पोटाकडे. मी वारा मोजत होते. गाडीवर असले तरी मला वारा मोजता येतो; ही विद्या मला नागपुरानं दिली. तिथल्या कॉलेजात एनसीसीच्या नौदल शाखेत मी होते, तांड्यावरची पहिली मुलगी जी शिकायला नागपूरला गेली, आणि तिथल्या तलावावर शिडाची होडी चालवायला शिकली. जिथून समुद्र रेल्वेनंही एका रात्रीवर आहे तिथे नौदल कसलं, म्हणून मुलं टिंगल करत. मी विशाखापट्टणमच्या शिबिरासाठी निवडले गेले तेव्हा टिंगल थांबली. त्याच आठवड्यात बापू आले. हिरासिंग राठोड, माझे वडील, धोतर, लाल फेटा, हातात काठी, एसटीतून उतरून विचारत विचारत थेट तलावावर. मी त्यांना दिसावं म्हणून होडी एकटीनं काढली. एकटीनं शीड चढवलं, एकटीनं तलावाच्या मध्यात नेलं, शीड उतरवलं, नांगर टाकला, लांब दोर सोडला आणि वळून काठाकडे हात केला. आयुष्यात एवढी नीट गोष्ट मी आधी केली नव्हती. होडी दोरावर वाऱ्यानं सावकाश फिरली, नांगर धरल्यावर फिरते तशी. आणि काठावर बापू काठी उंचावून ओरडायला लागले, "सुटली. सुटली रे. पोरगी सुटली." तलावावर जो तो वळून पाहायला लागला. मी बोटांनी दोर दाखवत होते, की हा बघा दोर, बांधलेली आहे. त्यांना दोर दिसत नव्हता. त्यांना फिरणं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर एसटीत होते. विशाखापट्टणम तिथेच संपलं, नागपूरही, आणि वर्षाच्या आत नेरचं सासर झालं; राहिलेलं शिक्षण मग तिथूनच झालं. ते दुष्ट नव्हते, हेच तर मला कुणाला सांगता येत नाही. त्यांचे आजे लदेणीवर हिंडलेले, शेकडो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख तुडवलेले. त्या माणसांनी बैलाच्या दाव्याविषयी जे ठरवलं होतं ते बापूंच्या रक्तात उतरलं होतं. बैलाला मान हलवता यावी, पाय टाकता येऊ नये. लांब दोरात जनावराचा पाय अडकतो, रात्री पडतं, पाय मोडतो, आणि पाय मोडलेला बैल मागे सोडून जावं लागतं. बैलाच्या बाबतीत हे सोळा आणे खरं आहे. मी त्यांना बैलाच्या हिशेबात चूक काढूच शकत नाही. फक्त मी बैल नव्हते. आणि याडी, माझी आई, आम्ही तांड्यावर पोचलो त्या रात्री चुलीपुढे बसली होती. तिनं सगळं ऐकलं. ती एक शब्द बोलली नाही. तिच्या खात्यावर ते पान मी कोरं ठेवलं आहे, इतकी वर्षं. नावे टाकावं की नाही ते ठरत नाही.

तांडा आता जुन्या जागी नाही. जुना तांडा पाण्याखाली आहे. नवा सरकारनं वर टेकाडावर बसवला, सरळ ओळीत, सारख्या घरांचा, शाळेच्या वहीत रेघा मारल्यासारखा. शामच्या घरापुढे स्कूटी उभी केली आणि गोठ्यात बघितलं तर मला क्षणभर कळेचना मी काय बघतेय. दोन बैल, एक गाय, एक गोऱ्हा, चौघांच्या गळ्यात पांढरेशुभ्र, निळी रेघ असलेले नवे कोरे दोर. माझा दोर. नागपूरहून आणलेला, पाण्यात न कुजणारा, एकसंध. त्याचे त्यानं तुकडे केले होते. बाभळीला वीतभर लागला. उरलेला, त्याच्या मते, उरला होता. उज्ज्वला, शामची बायको, पदराला हात पुसत बाहेर आली. "आल्या का ताई? चहा ठेवू?" "हा दोर?" मी विचारलं. "मस्त दोर हाय न," ती कौतुकानं म्हणाली, "कासऱ्याले एक नंबर. पाण्यात वाया जाऊन राह्यला होता."  तिच्या चेहऱ्यावर एक तिळाएवढं पाप नव्हतं. मला ओरडायचं होतं, घराच्या पत्र्यावर दगड मारायचा होता, पण या घरात माझ्यावर प्रेम करणाऱ्यांनी ओरडायला मोकळी जागा ठेवलेलीच नाही. जिथे तोंड उघडावं तिथे चहाचा कप येतो. "विळा दे," मी म्हटलं. "आणि तुझा कपडे धुवायचा टब." "टब कायले?" "होडी कापाले," मी म्हटलं. ती घाबरून आत गेली आणि दोन्ही घेऊन आली.

मी गोठ्यात शिरले. गाठी आवळून बसल्या होत्या, बैलांनी मानेनं ओढून ओढून पक्क्या केलेल्या. नखं दुखली, एक तुटलं. याडी ओसरीवर बसली होती, रामीबाई, पाठीतून वाकलेली, तोंडात तंबाखूची गोळी. ती माझ्याकडे बघत होती, काही विचारत नव्हती. विचारणं तिला कधी जमलंच नाही. मग उठली, काठी टेकत गोठ्यात आली आणि गोऱ्ह्याच्या गळ्याशी बसली. त्याच्या दाव्यात एक जुनी पितळी घंटी अडकवलेली होती. बापूंच्या पुढल्या बैलाची घंटी. लदेणीच्या काळातली, असं बापू सांगत. रात्री सगळे झोपले की बापू पडल्या पडल्या घंट्या ऐकत. घंटी वाजते म्हणजे जनावर आहे, जागेवर आहे, जिवंत आहे. घंटी थांबली की ते उठून कंदील लावत. घंटीची गाठ सुटेना. "राहू दे," मी म्हटलं, "तशीच घेते." याडीनं दावं माझ्या हातात दिलं. बैल मोकळे झाले. मला वाटलं आता बाहेर पळतील, ओरडाआरडा होईल. ते तिथेच उभे राहिले. खुंट्याशी मान तेवढीच वाकवून, जणू दोर अजून आहे. उज्ज्वला म्हणाली, "पाहा, किती गरीब हायेत." मला त्या बैलांचाही राग आला.

काठावर आले तेव्हा बाभळीचं दुबेळकं पाण्यात गेलेलं होतं. होडीचं नाक पाण्याला लागलं होतं, मागची बाजू वर उचललेली, आणि प्रत्येक लाटेबरोबर घोटभर पाणी आत जात होतं, सावकाश, न चुकता. टबात दोराचे तुकडे, विळा, एक तेलाचा रिकामा डबा. अंगात लाइफ जॅकेट. पुण्याला नोकरीला असलेली माझी मुलगी सुरभी दर रविवारी फोनवर एवढंच विचारते, जॅकेट घालतेस ना, आणि मला अडवत नाही, म्हणून जगात तिच्या एकटीच्या खात्यावर मी आंधळेपणानं जमा करते. "ताई, टब तेवढा परत आणजा," उज्ज्वला मागून म्हणाली. मी पाण्यात शिरले. पाणी चिखलाचं, कोमट, आणि पायाखाली काळी माती पोटरीपर्यंत ओढत होती. मग पाय उचलले आणि टब पुढे ढकलत पोहू लागले. शामनं जिथं कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून गाठ मारली तिथं आता माझे पाय तळाला लागत नव्हते. गाठ पाण्याखाली गेली होती. हाताला लागली, दगडासारखी. अख्ख्या होडीचं ओझं तिच्यावर होतं. ती सोडायचा प्रश्न नव्हता. गाठ मारणाऱ्यानं ती सोडायचा विचारच केला नव्हता; आमच्याकडच्या गाठींचं हेच आहे, त्या प्रेमानं मारतात. मी विळा दोराखाली घातला आणि ओढला. एकदा, पुन्हा, पुन्हा. प्रत्येक ओढीबरोबर तोंडातून काहीतरी बाहेर पडत होतं, शब्द नव्हते ते, आणि असले तरी मुलांना शिकवायचे नव्हते. शेवटचा धागा तुटला तसं होडीचं नाक एवढ्या जोरानं वर उसळलं की माझ्या हनुवटीला लागलं. तोंडात रक्ताची चव आली. मला फार बरं वाटलं.

पण सुटलेली होडी म्हणजे खरंच सुटलेली होडी. पश्चिमेचा वारा तिला काठापासून लांब, आत ओढायला लागला. मी मागून लटकून वर चढले, टब ओढून आत घेतला, आणि डब्यानं पाणी उपसायला लागले. उपसताना मन रिकामं होतं. असं म्हणतात. माझं नाही झालं. डबा भरताना शाम, ओतताना बापू. भरताना 'आपल्या माणसात राय', ओतताना नेरचं घर. अर्पिता मॅडमचं मोकाट. याडीचं कोरं पान. पाणी घोट्यावर आलं तेव्हा काठ बराच लांब होता आणि पुढे, धरणाच्या भिंतीकडे, पाण्यावर राखाडी ओरखडे उठत होते. तिकडे जाऊ द्यायची नव्हती. मी बसले, आणि घाई असताना जे करू नये असं मला नागपुरात शिकवलं होतं ते केलं नाही. म्हणजे शामनं काढून होडीतच ठेवलेला नांगर उचलून पाण्यात फेकला नाही. आधी तुकडे जोडले. एकाला एक, दुहेरी वळसा घेऊन, ओढून बघून. बैलांच्या तुकड्यांना शेणाचा वास होता, गायीच्या तुकड्याला दुधाचा. पुढचं टोक नांगराच्या साखळीला. शेवटी गोऱ्ह्याचं दावं, घंटीसकट. मग सगळा दोर नाकाशी सैल वेटोळ्यांत मांडला, आधी सुटेल ते वर, आणि माझे पाय वेटोळ्यांच्या बाहेर आहेत ना हे दोनदा पाहिलं. एकट्या माणसाचा पाय दोरात गेला तर सोडवायला कुणी नसतं. इथे बापूंचं बरोबर होतं. लांब दोरात पाय अडकतो. त्याला उपाय दोर आखूड करणं नाही, पाय कुठे ठेवायचा ते शिकणं आहे. हे त्यांना सांगायचं राहिलं.

शीड अर्धंच चढवलं. तेवढ्यानं होडी वळली, कलली, आणि तिरक्या वाऱ्यावर काठाकडे परत चढायला लागली, इकडून एक तिरकी रेघ, तिकडून एक. मला जागा ठरलेली होती. जुन्या तांड्यावर नाही. तिथे खाली दगडी जोती आहेत, विहिरीचा कठडा आहे, एकदा दात अडकला की वर येत नाही. त्याच्या अलीकडे, बापूंचं शेत. सात पिढ्यांनी नाही, एका माणसानं जंगल तोडून केलेलं शेत, लदेणी बंद झाल्यावर घराण्यात पहिल्यांदा एका जागी राहून केलेलं. पाण्याखाली ती काळी माती अजून आहे तशी आहे, घट्ट, चिकट, आणि लोखंडाला अशी धरते की विचारू नये. मी दगड बांधलेली सुतळी सोडून खोली पाहिली, दोन पुरुष. दोर पुरत होता. जेमतेम, पण पुरत होता. काठावरची पाण्याची टाकी आणि तिच्या मागचा लिंब एका रेषेत आले तसं मी होडीचं तोंड वाऱ्यात घातलं. शीड फडफडलं, मी ते खाली ओढलं. होडी पुढे गेली, मंदावली, थांबली. या थांबण्याची वाट पाहायची असते. पुढे जाताना नांगर टाकणारे आपल्याच दोरावर चढतात. ती थांबली, आणि मग मागे सरकायला लागली, अगदी हळू, तेव्हा मी नांगर दोन्ही हातांनी पाण्यात उतरवला, झोपलेलं मूल गादीवर ठेवावं तसा. साखळी गेली. बैलाचा तुकडा गेला, दुसऱ्या बैलाचा गेला. तळाला टेकल्याचं हाताला कळलं. थोडा सोडला, धरला. दोर कुरकुरला, थरथरला, खाली नांगर माती चाचपत होता. वाट पाहिली. थरथर थांबली. दोर ताणला, सरळ झाला, आणि होडीनं नाक वाऱ्याकडे करून मान टेकवल्यासारखं केलं. गायीचा तुकडा सोडला. गोऱ्ह्याचं दावंही सोडलं, पार शेवटपर्यंत, घंटीच्या अलीकडे होडीच्या नाकावरच्या खुंटीला वळसे दिले. टाकी आणि लिंब एका रेषेत. पुन्हा पाहिलं. एका रेषेत.

मग मी बसले. कपडे अंगाला चिकटलेले, हनुवटी ठणकत होती, नख तुटलेल्या बोटातून चिखल आणि रक्त. मला वाटलं होतं आता राग उतरेल. नांगर धरला, होडी वाचली, मग रागाचं काय काम. तो उतरला नाही. तो माझ्याशेजारी बसला, अंग कोरडं करत. होडी फिरायला लागली, डावीकडे, मग थांबून उजवीकडे, आणि प्रत्येक फेऱ्याला नाकावरची घंटी एकदा वाजे. इतक्या वर्षांनी मी पुन्हा त्या जागी होते, लांब दोरावरच्या होडीत, जिथून मला उतरवून एसटीत बसवलं होतं. समुद्र नव्हता, खाली बापूंचं शेत होतं. हा विनोद कुणी केला असेल तर त्याला माझं नमन नाही.

काठावर मोटारसायकल थांबली. शाम. मागे बांधलेली दुरुस्त मोटार. त्यानं आधी वर गोठ्याकडे पाहिलं असणार, कारण तो उतरताच उज्ज्वलाला विचारत होता, "बैल कोणं सोडले?" पाण्यावरून येणारे शब्द मला स्वच्छ ऐकू येत होते, वारा त्यांच्याकडून माझ्याकडे होता. उज्ज्वलानं पाण्याकडे बोट केलं. तो वळला. होडी तेव्हाच उजव्या फेऱ्याला निघाली होती, लांब, रुंद. शामनं दोन्ही हात वर केले. मला माहीत होतं तो काय ओरडणार. मला त्याच्या आधी ऐकू आलं, नागपूरच्या तलावाच्या काठावरून. "सुटली," शाम ओरडला. "बाई, सुटली. होडी सुटली. धर, कशाले त धर." आणि तो चपला काढायला लागला, पाण्यात शिरायला. त्याला नीट पोहता येत नाही. तरी तो शिरणार होता, हे मला ठाऊक होतं, जीव आहे त्याचा. मी दोर दाखवायला हात उचलला, आणि उचललेला हात तसाच खाली घेतला. नाही दाखवणार. एकदा दाखवून झालंय.

याडी टेकाडावरून खाली येऊन उभी होती, काठीवर वाकून. मला तिचं डोकं दिसत होतं, कानाशी नेलेला हात. वारा मध्येच पडला. होडी फेऱ्याच्या टोकाला थांबली, आणि घंटी वाजली.

"कोनी," याडी म्हणाली. आमच्या बोलीत कोनी म्हणजे नाही. एवढ्या मोठ्यानं मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. तिनं शामचा शर्ट मागून मुठीत धरला होता. "सुटली कोनी. घंटी आयक."

शाम गुडघाभर पाण्यात थांबला. तो ऐकत होता. होडी डावीकडे निघाली, गेली, ताणली, थांबली, घंटी. मग उजवीकडे. त्याची मान बापूंसारखी तिरकी झाली. मग त्यानं विचारलं, ओरडून नाही, पण ऐकू येईल असं, "बाई, कधी येतं मंग?"

मी तेलाचा डबा घेतला आणि तळातलं उरलेलं पाणी उपसत राहिले.